तबेल्यावरची खोली

३ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी बातमी, मग क्षेमकुशल. तबेल्यावरच्या खोल्यांसाठी उमेदवार म्हणून माझी निवड झाली आहे! तू चष्मा पुसून हे वाक्य परत वाचणार, म्हणून मीच परत लिहिते. तबेल्यावरच्या. खोल्यांसाठी. माझी.

तुझ्या वेळेपासून कॉलेज बरंच पसरलं आहे. नवीन वसतिगृह शहराच्या दुसऱ्या टोकाला बांधलंय. पांढरंशुभ्र, हवेशीर, लिफ्टसकट. तिथे सगळं आहे, फक्त जनावरं नाहीत. व्याख्यानं मात्र अजून जुन्या घोडेशाळेतच होतात. भिंतीतल्या लोखंडी कड्यांना आम्ही पिशव्या अडकवतो. शरीररचनेचे सर म्हणतात की पूर्वी या कड्यांना जे बांधले जात ते आमच्यापेक्षा जास्त लक्ष देत. शवविच्छेदनाचा हॉल नदीपलीकडे, शेत त्याच्याही पुढे, त्यामुळे दिवसभर आम्ही पुलावरून मेंढरांसारख्या ये-जा करतो.

पण खरं कॉलेज म्हणजे दगडी चौक. एका बाजूला मोठ्या जनावरांचा दवाखाना आणि तबेला, आणि त्याच्या वर त्या खोल्या. दुसऱ्या वर्षी मोठ्या जनावरांची शाखा हवी असेल तर तिथेच राहावं लागतं, कारण अडलेली गाय वेळ बघून येत नाही. जेवढ्या खोल्या तेवढ्याच त्या शाखेच्या जागा. खोली मिळाली नाही तर कुत्री, मांजरं आणि पोपट. माझं त्यांच्याशी वैर नाही गं, पण मला गाय हवी, घोडा हवा. खांद्यापर्यंत हात भरतील असं काम हवं.

खोली गुणांवर मिळत नाही, हौदाच्या फेरीवर मिळते. ही प्रथा तुझ्या काळी होती का? प्रत्येक उमेदवाराला एक जनावर सोपवतात. महिनाअखेर, २८ तारखेला, ते जनावर तुमच्या मागून चौक ओलांडून पलीकडच्या हौदापर्यंत आलं पाहिजे. दावं नाही, खाऊ नाही, हात लावायचा नाही. वर गॅलरीत जुने विद्यार्थी बादल्या आणि ताटल्या बडवत असतात, हेही नियमातच आहे. ज्याच्यामागे जनावर जात नाही त्याने जनावरांच्या डोक्यावर राहू नये, असं म्हणे पहिल्या प्राचार्यांचं मत होतं.

बाकीच्यांना गायी, शेळ्या, एकाला तर डोळे मिचकावणारं शिंगरू मिळालं. मला मिळालं गाढव. नाव सुभेदार, कारण चौकात मध्यभागी असा उभा राहतो की जहागीर त्याचीच. आजवर तो कुणाच्याच मागे गेलेला नाही. माझ्या हातात चिठ्ठी दिली तेव्हा सगळ्या गॅलरीने माझं सांत्वन केलं. पण आत्या, त्याचे डोळे इतके सुंदर आहेत! मी जिंकणार बघ.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, तुझ्या कोंबड्यांना आशीर्वाद.

तुझी,
टकळी

*

८ सप्टेंबर

चि. टकळीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. चष्मा पुसला. परत वाचलं. आता पुरे.

हौदाची फेरी आमच्या वेळीही होती, पण मुलींसाठी नव्हती. आम्ही दोघीच मुली होतो आणि आम्हाला धोबीखान्यामागे एका बाईंच्या घरात ठेवलं होतं. चौकात अडलेली गाय आल्याची वर्दी आमच्यापर्यंत पोचायची, आम्ही पदर खोचून धावायचो, आणि पोचायचो तेव्हा वासरू कोरडं झालेलं असायचं आणि मुलगे हात धूत असायचे. मी जे शिकले ते बरंचसं दुसऱ्यांचे धुतलेले हात बघून शिकले. पुढे सरकारने मला कुक्कुटपालन खात्यात घातलं आणि मी जन्मभर कोंबड्या तपासत आले. कोंबड्यांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचीही माझ्याबद्दल नसावी.

म्हणून खोलीचं महत्त्व मला समजावून सांगायची गरज नाही. तू फक्त ती मिळव.

आता गाढवाबद्दल. गाढव मूर्ख नसतं, सावध असतं. घोडा घाबरला की पळतो, गाढव घाबरलं की थांबतं आणि विचार करतं. लोक त्या विचारालाच हट्ट म्हणतात. त्याला मारायचं नाही, लाच द्यायची नाही, घाई करायची नाही. रोज त्याच वेळी जा. खूर स्वतः साफ कर, खरारा स्वतः कर, नोकरांवर सोपवू नकोस. आणि त्याचे डोळे सुंदर आहेत हे मला कळवण्यापेक्षा त्याचे दात, खूर, नाक, कान आणि शेण कसे आहेत ते कळव. प्रेमपत्र आणि तपासणी यांत फरक असतो.

जेवण वेळेवर घेत जा. केसांना तेल लावतेस की तबेल्यातल्यासारखीच दिसतेस?

लोभ आहे तो वाढो. धाक आहे तो तेवढाच राहो.

तुझी,
आत्या

*

१६ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तपासणी: दात झिजलेले, वय बरंच. खूर मी कापून नीट केले, आता चाल सुरेख आहे. नाक ओलं, शेण उत्तम. कानांत हात घालू देत नाही, डोकं झटकतो. झालं समाधान?

पण बाई, हा हलत नाही गं! मी काय काय केलं ते ऐक. पहाटे जाते. त्याच्या कानाशी गोड आवाजात नाव घेते. घरच्या गोष्टी सांगते. तुझ्याबद्दलही बरंच सांगितलंय, रागावू नकोस. परवा तर आख्खा हाडांचा धडा त्याला म्हणून दाखवला, म्हटलं माझीही उजळणी होईल. त्याने मन लावून गवत खाल्लं. शिंगरूवाला मुलगा गॅलरीतून म्हणाला की गाढवापुढे वाचली गीता ही म्हण ऐकून होतो, आज प्रयोग बघितला. मी त्याला म्हटलं की प्रेक्षकाला तरी कुठे कळली. सगळे हसले, पण त्याचं शिंगरू त्याच्यामागे कुत्र्यासारखं फिरतंय आणि माझा सुभेदार चौकात खांब होऊन उभा.

सहा दिवसांपूर्वी चौकाजवळच्या छपराची फळी पत्र्यावर पडली. असा आवाज झाला की सगळी घोडी उधळली, एका शेळीने भिंत ओलांडली, आमच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाई पायरीवर मटकन बसल्या. आणि सुभेदार? कडबा चघळत राहिला! केवढं थंड डोकं! मला इतका अभिमान वाटला की मी मागून धावत जाऊन त्याला मिठीच मारली. तर दचकला आणि मांडीवर लाथ बसली. फार लागलं नाही, निळं झालंय एवढंच.

एकदाच, फक्त एकदाच तो माझ्यामागे आला. परवा मी इतकी चिडले की तोंड मिटून पाठ फिरवली आणि चालू लागले. पंपापाशी वळून बघते तर स्वारी मागे! मी आनंदाने ओरडले, त्याच्याकडे हात पसरून धावले, आणि तो जागच्या जागी थांबला. तेव्हापासून पुन्हा नाही.

लाथेचं मी आईला लिहिलं, ते बाबांनी वाचलं. आता बाबांचं म्हणणं की हा सगळा थिल्लरपणा आहे, मुलीच्या जातीने घोड्यांच्या लाथांखाली कशाला राहायचं, फेरीत अपयश आलं तर मावशीकडे राहून कुत्र्यामांजरांची शाखा निमूट घ्यायची, आणि अपयश आलं तर बरंच होईल. शेवटचं वाक्य त्यांनी खोडलं होतं, पण वाचता येत होतं.

आत्या, तू काहीतरी सांग. दिवस सरत चालले.

तुझ्या पत्राकडे गाढवासारखी डोळे लावून बसलेली,
टकळी

*

२० सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझ्या मुलीचं पत्र आलं. तू तिला काय लिहिलंस तेही कळलं. खोडलेलं वाक्य वाचता येत असेल तर ते खोडलेलं नसतं, एवढं तुला या वयात समजायला हवं. लहानपणी तू शेजारच्या बोकडाला घाबरून पाण्याच्या टाकीवर चढला होतास आणि उतरवायला मी आले होते. ती भीती तू आता मुलीच्या नावावर करू नकोस.

एक गोष्ट सांगते, ती तुझ्यापाशीच ठेव. ते गाढव हट्टी नाही. माझा अंदाज असा की ते बहिरं आहे. छप्पर कोसळल्यासारखा आवाज झाला तरी चघळत राहिलं. मागून हात लागला तर दचकलं, कारण ती येत असल्याचं त्याला कळलंच नव्हतं. कानाला हात लावू देत नाही, म्हणजे तिथे जुनं दुखणं असणार. आणि ती गप्प चालू लागली तेव्हा ते मागे गेलं, कारण तेव्हा पहिल्यांदा तिने त्याला दिसेल असं काही केलं. ती मात्र दोन आठवडे त्याच्या कानाशी प्रवचन करतेय! तुझीच मुलगी. दुसऱ्या कुणाला ही चूक सुचलीही नसती.

हे मी तिला सांगणार नाही. एक म्हणजे मी गाढव पाहिलेलं नाही, आणि न तपासता निदान करणाऱ्या डॉक्टरांना मी आयुष्यभर झोडपत आले. दुसरं, मी सांगून तिला खोली मिळाली तर ती माझी खोली होईल. तिची व्हायला हवी. तूही सांगायचं नाहीस. तुझ्या बायकोलाही नाही. ती कोमल मनाची आहे, दुपारच्या टपालाने लिहून टाकेल.

प्रकृतीला जप. बोकडापासून दूर राहा.

तुझी,
अक्का

*

२० सप्टेंबर

चि. टकळीस,
अ. उ. आ.

मांडीला थंड पाण्याची पट्टी ठेव. सूज वाढली तर माणसांच्या डॉक्टरकडे जा, सरांकडे नको.

तुझं मागचं पत्र सोबत परत पाठवते आहे. ते पुन्हा वाच. तू काय केलंस ती वाक्यं झाक आणि गाढवाने काय केलं तेवढीच वाच. मग तबेल्यात जा आणि जनावर तपास. याहून जास्त मी सांगणार नाही आणि विचारूही नकोस.

बाबाचं मनावर घेऊ नकोस. माणूस वाईट नाही, फक्त लवकर घाबरतो.

लोभ आहेच. वर थोडा भरवसाही धाडते आहे, तो जपून वापर.

तुझी,
आत्या

*

२९ सप्टेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी हे पत्र कुठे बसून लिहिते आहे ते शेवटी सांगते. नाही, थांबवत नाही. खोलीत बसून लिहिते आहे! तबेल्यावरच्या! माझ्या!

आता नीट सांगते. तुझं पत्र आल्यावर मी तू सांगितलं तसं कागदाच्या पट्टीने माझी वाक्यं झाकली आणि सुभेदाराची वाचली. चघळत राहिला. दचकला. थांबला. मागे आला. मी खुर्चीवरून उठलेच. तबेल्यात जाऊन त्याच्यामागे उभी राहिले आणि बादलीवर लोखंडी पळी घातली. शेजारची घोडी छताला टेकली. सुभेदाराने कानसुद्धा वळवला नाही. मी तशीच मटकन गवतावर बसले आणि हसत सुटले. महिनाभर मी त्याला काय काय सांगितलं होतं, आणि त्या बिचाऱ्याला फक्त एक बाई तोंड हलवताना दिसत होती!

मग मात्र वाईट वाटलं. सरांना बोलावलं. त्याला धरून दोन्ही कान दिवा लावून तपासले. आत जुना संसर्ग होऊन बरा झालेला, पडदे पार गेलेले. सरांचा चेहरा उतरला. म्हणाले की इतकी वर्षं आम्ही याच्या खुरांवर व्याख्यानं दिली, दातांवर दिली, याचे कान मात्र कुणी बघितले नाहीत. मग म्हणाले की सदोष जनावर दिलं ही कॉलेजची चूक, तुला दुसरं देतो. आणि खरंच एक गरीब तांबडी गाय समोर आणून उभी केली, जी कुणाच्याही मागे जाते, टपालवाल्याच्यासुद्धा.

आत्या, मी अर्धा दिवस त्या गायीकडे बघत होते. खोटं कशाला सांगू? पण मी नाही म्हटलं. सुभेदार काय आहे ते मला आत्ता कुठे कळलं होतं, आणि कळल्याबरोबर त्याला परत करायचं? सर म्हणाले की मग निकालाला नंतर हरकत घेता येणार नाही. मी म्हटलं की कबूल.

उरलेले दिवस मी एक शब्द बोलले नाही. खोलीतल्या मुलींना वाटलं आजारी आहे. एकीने तर रेक्टरबाईंना कळवलं. समोरून यायचं, आधी दिसायचं, मग हात लावायचा. पाठ फिरवून चालायचं. वळून त्याच्याकडे तोंड केलं की तो थांबतो, कारण त्याला वाटतं मी त्याला थांबवते आहे. त्यामुळे वळायचं नाही. मला न बोलणं जमलं गं, न वळणं फार जड गेलं.

काल फेरी झाली. गॅलऱ्या खच्चून भरलेल्या. पहिली शेळी निघाली आणि वरून बादल्या, ताटल्या, झाकणं अशी सुरू झाली की कानठळ्या बसल्या. शेळी पुन्हा गोठ्यात. शिंगरू अर्ध्या चौकापर्यंत शहाण्यासारखं आलं आणि मग त्याने मालकालाच पाडलं. एक गाय गेली हौदापर्यंत, एक नाही गेली. मग माझं नाव पुकारलं आणि गॅलरीत सगळे उभेच राहिले, गंमत बघायला.

मी सुभेदारासमोर गेले. त्याने मला बघितलं. मी पाठ फिरवली आणि चालू लागले. आत्या, त्या आवाजात मला त्याचे खूर ऐकू येणं शक्यच नव्हतं. तो मागे आहे की तिथेच उभा आहे, काही कळेना. वळले तर संपलं. वर बघितलं तर माणसांचे चेहरे दिसले असते, पण मी वर बघायलाही घाबरले. नुसती समोरच्या हौदाकडे बघत चालत राहिले. चौक कधी एवढा मोठा झाला कोण जाणे. आणि मध्येच बडवणं थांबलं. एकेक करत सगळी झाकणं गप्प झाली. मला वाटलं, संपलं, तो मागेच राहिला आणि लोकांना माझी दया आली.

तरी मी हौदापर्यंत गेले. म्हटलं जायचं ठरलंय तर जाऊ. हौदाच्या काठावर हात ठेवले आणि पाण्यात बघत उभी राहिले. तेव्हा माझ्या काखेखालून एक मोठं राखाडी डोकं पुढे आलं आणि पाणी प्यायला लागलं.

मग जो आवाज झाला तो ऐकायचं भाग्य चौकात एकट्या सुभेदाराला नव्हतं. मी त्याच्या मानेला मिठी मारून रडले. शिंगरूवाल्या मुलाने माती झटकत येऊन मला सलाम ठोकला. त्याला पुढच्या वर्षी पुन्हा बसू देणार आहेत.

आता दुसरी बातमी. संध्याकाळी रेक्टरबाईंनी मला कचेरीत बोलावलं. त्यांच्या हातात तार होती, माझ्या नावाची, सकाळीच घातलेली. तार म्हणजे काहीतरी वाईट, म्हणून इथे त्याच आधी उघडतात. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि हळूच विचारलं की वडिलांच्या मनावर अलीकडे काही ताण आहे का. मी तार वाचली. त्यात लिहिलं होतं: गाढव बहिरे आहे. बोलू नकोस. पुढे चाल. बाबा.

मी हसले, मग रडले, मग बाईंना सगळं सांगितलं, मग त्याही हसल्या. आत्या, बाबांना हे कुठून कळलं? तुला काही ठाऊक आहे का?

खोली लहान आहे. खिडकी चौकात उघडते. खालून गवताचा आणि घोड्यांचा वास येतो आणि शेजारचीच्या मते आता माझाही तसाच येतो. तू ये. येच.

जिंकलेली,
टकळी

*

४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

मुलीचं पत्र तुझ्याकडेही आलं असेलच. मी माझं तीनदा वाचलं आणि मग खात्यातल्या दोन मदतनिसांना बोलावून मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी मला आजवर पत्र वाचताना पाहिलं नव्हतं, हसताना तर नाहीच. ते बिचकून उभेच राहिले.

आता तारेबद्दल. मी तुला स्पष्ट बजावलं होतं. तुझ्यापाशीच ठेव म्हणाले होते. नाही म्हणजे नाही, हे तुला अजून कळत नाही. तुझी तार फेरीच्या आधी पोचली असती तर पोरीला जन्मभर वाटत राहिलं असतं की खोली बाबांनी मिळवून दिली. उशिरा पोचली हे तारखात्याचे उपकार. मुलीने खोली मिळवू नये म्हणणारा माणूस फेरीच्या सकाळी तारघर उघडायची वाट बघत पायरीवर बसतो, याला काय म्हणावं? तुझ्या बायकोने मला लिहिलं की तू चहाही न घेता गेलास आणि तारबाबूशी दोनदा भांडलास, कारण हा मजकूर घ्यायला तो तयार नव्हता.

यापुढे मला तुझ्यावर भरपूर रागवायचं होतं. कागदही मोठा घेतला. पण तू कधी ना कधी विचारशीलच, म्हणून आत्ताच सांगते. त्याच सकाळी मीही आमच्या तारघरात उभी होते. फॉर्म भरलेला होता. माझा मजकूर तुझ्याहून दोन शब्दांनी कमी होता. माझ्यापुढे एक गृहस्थ बारशाचं आमंत्रण साऱ्या नातेवाइकांना तारेने धाडत होते, ते काही संपेना. त्यांच्यामुळे मला विचार करायला वेळ मिळाला आणि मी फॉर्म फाडून घरी आले. तुझ्यापुढे कुणी उभं नव्हतं, एवढाच आपल्या दोघांत फरक.

शनिवारच्या गाडीने मी तिकडे जाते आहे. तूही नीघ. चौकात उभं राहून तिची खिडकी बघू. रात्री वर्दी आलीच तर तिला वरून खाली उतरायला किती वेळ लागतो ते मला बघायचं आहे. मला कायम उशीर व्हायचा.

गाढवांना घाबरायचं नसतं. समोरून यायचं आणि आधी दिसायचं, एवढं लक्षात ठेव.

लोभ होता तसाच आहे. खरं सांगायचं तर थोडा वाढला आहे.

तुझी,
अक्का